चार डिस्क, आठ टीबी आणि मुद्दाम मोडलेला अ‍ॅरे: सॉफ्टवेअर रेडच्या चाचणीचं एक प्रकरण

एका लहान कार्यालयाचा फाईल सर्व्हर. ४ टीबीच्या चार साटा डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी छोटी एनव्हीएमई एसएसडी, त्यावर डेबियन १२ आणि रेडसाठी (अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी गेली तरी डेटा टिकवण्याची पद्धत) लिनक्स कर्नलमधलं एमडी, म्हणजे एमडीअ‍ॅडम या साधनाने चालवायचं सॉफ्टवेअर रेड. हार्डवेअर रेड कार्ड मुद्दाम टाळलं होतं. कार्ड गेलं की तसंच कार्ड शोधत फिरावं लागतं, पण एमडीच्या डिस्क कुठल्याही लिनक्स यंत्राला जोडल्या तरी ओळखल्या जातात. मूळ आराखडा रेड-५ चा होता, म्हणजे एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला (गेलेला डेटा परत काढून देणारा हिशोब) आणि एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत: तीन डिस्क कामाला, चौथी स्पेअर (एखादी गेली तर तिच्या जागी लागणारी), वापरायला ८ टीबी जागा. खरा डेटा चढवण्याआधी हा अ‍ॅरे, म्हणजे एकत्र बांधलेला डिस्कचा संच, सगळ्या बाजूंनी मोडून पाहिला. चाचणी संपली तेव्हा डिस्क त्याच होत्या आणि जागाही तेवढीच, पण स्पेअर उरली नव्हती आणि रेड-५ ची रेड-६, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी टिकणारी रचना, झाली होती.

रेडची चाचणी म्हणजे एमडीअ‍ॅडमची ‘फेल’ कमांड द्यायची, स्पेअर आपोआप कामाला लागलेली बघायची आणि यंत्र सोपवून मोकळं व्हायचं, अशी सर्रास पद्धत आहे. ‘फेल’ कमांडमध्ये तपासलं जातं ते एवढंच, की एमडीला सांगितलेलं समजतं का. खरी डिस्क अशी सांगून जात नाही. कधी ती केबल निसटल्यासारखी अचानक नाहीशी होते, कधी एका सेक्टरवर अडखळत अख्ख्या यंत्राला लटकवते, तर कधी वाचायला सांगितलेल्या डेटाऐवजी भलताच डेटा देते आणि तक्रारही करत नाही. या प्रत्येक प्रकारात एमडी वेगळं वागतं.

आधी फाईलींवर सराव

खऱ्या डिस्कवर एकेका रीबिल्डला (गेलेल्या डिस्कचा डेटा दुसरीवर पुन्हा बांधण्याला) सात-आठ तास लागतात, त्यामुळे कमांड चुकवत शिकण्याची ती जागा नाही. प्रत्येकी १ जीबीच्या चार रिकाम्या फाईली ‘ट्रंकेट’ने बनवल्या, ‘लोसेटअप’ने त्यांना लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वागणारी फाईल) केलं आणि त्यांच्यावर तीन अधिक एक असा रेड-५ उभा केला. इथे एक गोष्ट हमखास चुकते. अ‍ॅरे १०० जीबीपेक्षा लहान असेल तर एमडीअ‍ॅडम राइट-इंटेंट बिटमॅप (कुठल्या भागांत लिखाण झालं याची नोंद) आपणहून घालत नाही. त्यामुळे सरावातला अ‍ॅरे आणि खरा अ‍ॅरे डिस्क परत जोडताना वेगवेगळे वागतात. सरावातही ‘बिटमॅप’ पर्याय ‘इंटर्नल’ असा स्पष्ट द्यावा.

बिघाड घडवायला कर्नलच्या डिव्हाइस-मॅपरमधली दोन टार्गेट कामी आली. ‘डीएम-डस्ट’ ठरावीक ब्लॉक वाचताना चूक परत करतं, आणि त्याच ब्लॉकवर नव्याने लिहिलं की तो बरा झाला असं मानतं. खरी डिस्क खराब सेक्टर बदलून घेते तेव्हा नेमकं हेच होतं. ‘डीएम-डिले’ प्रत्येक वाचनाला आणि लिखाणाला ठरवलेल्या मिलिसेकंदांचा उशीर लावतं. लूप डिव्हाइसवर हा थर आधी चढवायचा आणि एमडीला लूपऐवजी या थराचं नाव द्यायचं. चालू अ‍ॅरेमध्ये थर घुसवता येत नाही, त्यासाठी अ‍ॅरे थांबवावा लागतो.

खऱ्या डिस्कची तयारी

रेडसाठी अख्खी डिस्क न देता पार्टिशन दिलं आणि शेवटी १०० एमबी मोकळे सोडले. ४ टीबीच्या डिस्कमध्ये साधारणपणे ५१२ बाइटचे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात. पण तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीची डिस्क आणली आणि ती थोडीशीच लहान निघाली, तर एमडी ती घेत नाही. १०० एमबीच्या बदल्यात ही अडचण कायमची मिटते.

पार्टिशनची आखणी एका डिस्कवरून दुसरीवर उतरवायला ‘एसजीडिस्क’चा ‘आर’ पर्याय वापरला. त्यात पर्यायाच्या लगेच पुढे येते ती नवी डिस्क आणि सगळ्यात शेवटी येते ती जुनी. मनात क्रम नेमका उलटा असतो, आणि उलटा दिला तर भरलेल्या डिस्कची आखणी रिकाम्या डिस्कने पुसली जाते. त्यानंतर ‘जी’ पर्याय देऊन नव्या डिस्कचे ओळखक्रमांक बदलायचे, नाहीतर दोन डिस्क एकाच ओळखीच्या होतात.

एसडीए, एसडीबी ही नावं कोणत्याही रीबूटला बदलू शकतात, म्हणून प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर ‘स्मार्टसीटीएल’ने काढून शेवटची चार अक्षरं चिकटपट्टीवर लिहिली आणि ट्रेच्या तोंडावर लावली. हे काम डिस्क चांगली असतानाच करायचं. मेलेली डिस्क सिरियल नंबर सांगत नाही, मग उरलेल्या तिघींचे नंबर वाचून चौथी ओळखावी लागते. एक डिस्क गेलेल्या रेड-५ मधून चुकीची डिस्क उपसली तर अ‍ॅरे तिथेच संपतो. अ‍ॅरे बुडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि त्यात डिस्कचा काहीच दोष नसतो.

अ‍ॅरे बनवल्यावर पहिलं सिंक पूर्ण होऊ द्यावं लागतं. रेड-५ बनवताना एमडीअ‍ॅडम शेवटची डिस्क सुरुवातीला स्पेअर धरतं आणि बाकीच्यांवरून तिची बांधणी करतं, कारण नुसती पॅरिटी जुळवत बसण्यापेक्षा ते वेगाने होतं. म्हणजे तेवढा काळ अ‍ॅरे मुळातच एका डिस्कने कमी असतो. अ‍ॅरे दिसतोय, माउंट होतोय, म्हणून त्याच संध्याकाळी एखादी डिस्क ‘फेल’ केली तर सगळं जातं आणि दोष उगाच एमडीवर येतो. ‘एमडीस्टॅट’मध्ये, म्हणजे कर्नलच्या अ‍ॅरे-स्थितीच्या फाईलमध्ये, [३/३] [यूयूयू] (तीनपैकी तीन डिस्क कामात) दिसल्याशिवाय कुठल्याही डिस्कला हात लावायचा नाही.

मग २०० जीबीच्या फाईली चढवल्या आणि त्या सगळ्यांच्या शा-२५६ बेरजांची (फाईल जराही बदलली तर बदलणारा आकडा) यादी एसएसडीवर ठेवली, अ‍ॅरेवर नाही. पुढच्या प्रत्येक चाचणीनंतर कॅश रिकामी करून हीच यादी पडताळली. कॅश रिकामी केली नाही तर फाईल मेमरीतून वाचली जाते आणि डिस्कवर काहीही झालेलं असलं तरी यादी जुळते. अ‍ॅरे चालू आहे एवढ्यावर कोणतीही चाचणी पास धरली नाही.

सांगून मारलेली डिस्क

‘फेल’ची चाचणी आधी उरकून घेतली. एसडीबी१ ला ‘फेल’ केलं, यादीत तिच्यापुढे (एफ) आलं, खूण [३/२] [यू_यू] झाली आणि चौथ्या डिस्कवर रीबिल्ड सुरू झालं. १५० एमबी प्रतिसेकंद सरासरी धरली तर ४ टीबीला २६,६७२ सेकंद लागतात, म्हणजे ७ तास २४ मिनिटं. डिस्कच्या आतल्या वर्तुळांवर वेग बाहेरच्यापेक्षा जवळपास निम्मा होतो, त्यामुळे सुरुवातीचा अंदाज नेहमी आशावादी असतो. अर्धं काम झाल्यावर उरलेला वेळ वाढताना दिसला तर घाबरायचं कारण नाही.

मात्र हा हिशोब निवांत यंत्राचा आहे. लोक कामाला लागले की एमडी रीबिल्डला मागे सारतं. त्याची हमी फक्त ‘स्पीड लिमिट मिन’ एवढी असते आणि ती मुळात १००० केबी प्रतिसेकंद आहे. या वेगाने ४ टीबीची डिस्क भरायला ४५ दिवस लागतील. एवढं वाईट सहसा होत नाही, पण दिवसभर गजबजलेल्या सर्व्हरवर सात तासांचे तीन दिवस सहज होतात. या प्रकरणात किमान वेग ५०,००० वर नेला. तेवढा मिळत राहिला तर काम २२ तासांच्या आत उरकतं. फाईली उघडायला थोडा उशीर झाला तर चालतो, तीन दिवस संरक्षणाविना राहणं चालत नाही.

इथे डिस्कच्या जातीचाही प्रश्न येतो. एसएमआर पद्धतीच्या डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग भारी लिखाणात त्या अडतात. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या ‘रेड’ (Red, लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं. त्याआधी अनेकांनी त्या रेडसाठीच म्हणून घेतलेल्या होत्या. खरेदी करताना मॉडेल क्रमांकावरून सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) असल्याची खात्री करावी, खोक्यावरच्या नावावरून नाही.

नाहीशी झालेली डिस्क

केबल सैल होणं, पॉवर कनेक्टर निसटणं, बॅकप्लेनचा एक खाना जाणं: कार्यालयांतल्या सर्व्हरमध्ये डिस्क मरण्याइतकंच हे होतं. हे घडवण्यासाठी आधी सॉफ्टवेअरची वाट धरली. ‘सिस’ फाईलप्रणालीत त्या डिस्कच्या ‘डिव्हाइस’ फोल्डरमधल्या ‘डिलीट’ फाईलमध्ये १ लिहिला की कर्नल तिला बसवरून काढून टाकतो. परत आणायला त्या पोर्टच्या ‘स्कॅन’ फाईलमध्ये तीन वजाबाकीची चिन्हं, मध्ये मोकळी जागा सोडून, लिहायची. हे जमल्यावर बायोसमध्ये त्या पोर्टचं हॉट-प्लग चालू आहे हे बघून, अ‍ॅरेवर लिखाण चालू असताना डिस्क खरोखर उपसली.

यूडेव्हचा (डिव्हाइस आल्या-गेल्याची दखल घेणारी लिनक्सची व्यवस्था) नियम जागेवर असेल तर एमडीला डिस्क गेल्याचं लगेच कळतं. नसेल तर त्या डिस्कवर पुढचं लिखाण होईपर्यंत ‘एमडीस्टॅट’ सगळं आलबेल दाखवतं. तेवढ्या वेळात डिस्क परत खोचली, आणि एमडीने जुनं नाव सोडलेलं नसेल, तर तीच डिस्क एसडीबीऐवजी एसडीई म्हणून येते. जुनं नाव ‘रिमूव्ह’ करायला गेलं तर असं डिव्हाइसच नाही असं उत्तर मिळतं, आणि बरेच जण इथेच अडकतात. त्यावर उपाय असा की ‘फेल’ आणि ‘रिमूव्ह’ या दोघांना डिस्कच्या नावाऐवजी ‘डिटॅच्ड’ हा शब्द द्यायचा. जी सदस्य डिस्क आता अस्तित्वातच नाही ती एमडी आपणच शोधून काढून टाकतं.

स्पेअरबद्दलची पहिली शंका याच चाचणीत आली. डिस्क धडधाकट होती, फक्त पाच सेकंद दिसली नव्हती. तेवढ्यात स्पेअर कामाला लागली आणि सात-साडेसात तासांचं रीबिल्ड सुरू झालं. स्पेअर नसती तर डिस्क परत खोचून ‘री-अ‍ॅड’ करता आली असती, आणि बिटमॅपने तेवढ्या काळात बदललेले तुकडेच लिहून घेतले असते. बिटमॅपचा एक तुकडा साधारण ६४ एमबीचा असतो. दोन-चार जीबी सलग लिहिले असतील तर हे काम मिनिटांत संपतं, पण इकडेतिकडे विखुरलेलं लहान लिखाण असेल तर चार केबीसाठीही अख्खा तुकडा पुन्हा लिहावा लागतो. तरीही फरक सात तास आणि काही मिनिटं असाच राहतो. एका सैल कनेक्टरमुळे निरोगी डिस्क बाजूला पडणं आणि उरलेल्या दोघींकडून ८ टीबी सलग वाचून घेणं, हा सौदा वाईट आहे.

रेंगाळत मरणारी डिस्क

आठवड्यातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो तसाच जायला हवा.

एक सेक्टर वाचता येईनासा झाला तर एमडी डिस्कला बाहेर काढत नाही. इतर डिस्कवरून तेवढा डेटा काढतं, विचारणाऱ्याला देतं आणि तोच डेटा खराब सेक्टरवर पुन्हा लिहितं. त्या लिखाणाच्या निमित्ताने डिस्क तो सेक्टर राखीव जागेतल्या सेक्टरने बदलून घेते. सरावाच्या अ‍ॅरेवर ‘डीएम-डस्ट’ने एक ब्लॉक बिघडवला, त्यावरची फाईल वाचली, फाईल बरोबर आली आणि कर्नलच्या लॉगमध्ये वाचनातली चूक दुरुस्त केल्याची ओळ उमटली. पुन्हा वाचल्यावर चूक नव्हती. ब्लॉक निवडताना ‘एक्झामिन’मध्ये दिसणाऱ्या डेटा ऑफसेटच्या पुढचा निवडावा. त्याच्या अलीकडची जागा सुपरब्लॉक (अ‍ॅरेची माहिती ठेवणारा भाग) आणि राखीव भागाची असते, तिथे बिघाड केला तर काहीच घडत नाही आणि चाचणी पास झाल्याचा भास होतो.

खऱ्या डिस्कवर हेच ‘एचडीपार्म’च्या ‘मेक-बॅड-सेक्टर’ने करता येतं. डिस्क ते मानत असेल तर वाचल्यावर ‘स्मार्ट’मधला (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे निकाली न निघालेल्या सेक्टरांची संख्या, चढलेला दिसतो आणि एमडीने पुन्हा लिहिल्यावर उतरतो.

इथपर्यंत सगळं चोख. गोची आहे ती वेळेची. साध्या डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर लागला की ती हार मानत नाही, तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत राहते, कधी दोन मिनिटांहूनही जास्त. घरातल्या एकट्या डिस्कसाठी हे योग्यच आहे, कारण तिथे डेटाची दुसरी प्रत नसते. पण कर्नल एका कमांडसाठी ३० सेकंदच थांबतो. त्यानंतर तो कमांड रद्द करतो आणि लिंक रीसेट करतो. एमडी ही वाचनातली चूक समजून दुरुस्तीचं लिखाण पाठवतं, डिस्क अजून आपल्याच सेक्टरमध्ये गुंतलेली असल्याने ते लिखाणही नापास होतं, आणि लिखाण नापास झालेल्या डिस्कला एमडी अ‍ॅरेबाहेर काढतं. एका ५१२ बाइटच्या सेक्टरपायी ४ टीबीची डिस्क बाद. रीबिल्ड चालू असताना दुसऱ्या डिस्कवर हेच झालं तर रेड-५ संपला.

म्हणून ‘स्मार्टसीटीएल’ला ‘एससीटीईआरसी’ (खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ झगडायचं ती मर्यादा) विचारून प्रत्येक डिस्क तपासली. रेडसाठीच्या डिस्कमध्ये हे मूल्य ७० असतं. एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे ७ सेकंद. सात सेकंदांत जमलं नाही की डिस्क सरळ चूक कळवते आणि एमडी आपलं काम करतं. बंद असेल तर ‘७०,७०’ देऊन चालू करायचं, आणि पुष्कळ डिस्क वीज गेली की हे विसरतात म्हणून ते यूडेव्ह नियमातून दर बूटला द्यायचं. डिस्कला ही सोयच नसेल तर उलट बाजूने जायचं: त्या डिस्कच्या ‘टाइमआउट’ फाईलमध्ये ३० ऐवजी १८० लिहून कर्नललाच थांबायला लावायचं. यंत्र तीन मिनिटं लटकेल, पण डिस्क जाणार नाही. या प्रकरणात चारपैकी एकही डिस्क तपासल्याशिवाय सोडली नाही, आणि नंतर बदलून येणाऱ्या प्रत्येक डिस्कसाठीही यादीतली पहिली ओळ हीच ठेवली.

नुसत्या मंद डिस्कचं दुखणं निराळं. ‘डीएम-डिले’ने एका सदस्याला ५०० मिलिसेकंदांचा उशीर लावला तर अख्खा अ‍ॅरे त्याच्या चालीने चालायला लागतो आणि एमडी कोणालाही बाहेर काढत नाही. मंदपणा हा त्याच्या लेखी दोष नाहीच. लोकांची तक्रार येते ‘नेटवर्क स्लो आहे’ अशी. ‘आयओस्टॅट’मध्ये एकाच डिस्कचा प्रतीक्षाकाळ बाकीच्यांच्या कितीतरी पट दिसला की डिस्क सापडली. अशी डिस्क ‘फेल’ करून काढायची नाही, ‘रिप्लेस’ वापरायचं. त्यात जुनी डिस्क अ‍ॅरेत राहूनच तिची नक्कल नव्या डिस्कवर उतरते, जुनीचा एखादा ब्लॉक वाचता आला नाही तर तेवढाच इतरांवरून काढला जातो, आणि काम पूर्ण झाल्यावरच जुनी बाहेर पडते. संरक्षण एक क्षणही कमी होत नाही. ‘फेल’, ‘रिमूव्ह’, ‘अ‍ॅड’ ही त्रिसूत्री सगळ्यांना पाठ असते, ‘रिप्लेस’ फार थोड्यांना ठाऊक असतं.

निर्णय फिरवणारा प्रयोग

मग दोन्ही बिघाड एकत्र केले. सरावाच्या रेड-५ वर एका सदस्यावर ‘डीएम-डस्ट’ने खराब ब्लॉक पेरला, पण तो वाचला नाही. खऱ्या आयुष्यातही महिनोन्महिने न उघडलेल्या फाईलीखाली असेच सेक्टर पडून असतात. त्यानंतर दुसरा सदस्य ‘फेल’ केला. स्पेअरवर रीबिल्ड सुरू झालं, खराब ब्लॉकपाशी आलं, आणि आता तिथला डेटा काढायला दुसरी वाट नव्हती. लॉगमध्ये वाचनातली चूक दुरुस्त होण्यासारखी नाही असं लिहून आलं. अ‍ॅरेकडे बॅड-ब्लॉक यादी असेल तर एमडी तेवढे ब्लॉक नोंदवून पुढे जातं. यादी बंद असेल तर ती डिस्कही बाद होते आणि रीबिल्ड तिथेच थांबतं. पहिल्या परिस्थितीत एक फाईल गेली. दुसरीत सगळं.

तेच चार सदस्य घेऊन रेड-६ केला आणि तोच बिघाड पुन्हा पेरला. एक सदस्य गेलेला, दुसऱ्यावर खराब ब्लॉक, तरी फाईल बरोबर वाचली गेली आणि ब्लॉक तिथल्या तिथे दुरुस्तही झाला. शा-२५६ यादी पूर्ण जुळली.

आकड्यांनी हे असं दिसतं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतक्या बिटमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारा सेक्टर, अशी मर्यादा दिलेली असते, म्हणजे १२.५ टीबी. तीन डिस्कच्या रेड-५ मध्ये रीबिल्डला ८ टीबी वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क या मर्यादेपेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात आणि ‘रेड-५ मेला’ अशी आरोळी ठोकणं अतिशयोक्तीचं आहे. पण इथे चौथ्या डिस्कचे पैसे मोजून झालेले होते. स्पेअर म्हणून ती गरम होत रिकामी बसणार होती. रेड-६ मध्ये तीच डिस्क पहिल्या दिवसापासून संरक्षणाला लागते, आणि जागा दोन्हीकडे ८ टीबीच.

किंमत लिखाणाची आहे, आणि चार डिस्कवर ती भीती वाटावी एवढी नाही. तीन डिस्कच्या रेड-५ मध्ये एका लहान लिखाणाला शेजारचा डेटा वाचणं, डेटा लिहिणं आणि पॅरिटी लिहिणं अशी तीन कामं होतात. चार डिस्कच्या रेड-६ मध्ये दुसरी पॅरिटी वाढते, म्हणजे चार. वर्ड-एक्सेलच्या फाईली ठेवणाऱ्या सर्व्हरला हा फरक जाणवत नाही. डेटाबेस असता तर रेड-१०, म्हणजे जोडीजोडीने प्रती ठेवणारी रचना, घेतला असता. तिथेही जागा ८ टीबीच आणि रीबिल्डला एकच डिस्क वाचावी लागते, पण एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तिघींपैकी तिची जोडीदारच गेली तर सगळं जातं.

अ‍ॅरेवर खरा डेटा नसल्याने ‘ग्रो’ (आहे त्याच अ‍ॅरेचा स्तर बदलणं) करत बसण्यापेक्षा तो मोडून नवा केला: अ‍ॅरे थांबवला, चारही पार्टिशनवरचे सुपरब्लॉक पुसले, स्तर ६ देऊन नव्याने बनवला आणि सिंक पूर्ण होऊ दिलं. डेटा असता तर बॅकअप घेऊन स्तर बदलता आला असता, फक्त त्यासाठी लागणारी ‘बॅकअप-फाईल’ त्याच अ‍ॅरेवर ठेवायची चूक करायची नाही.

खोटं बोलणारी डिस्क

सरावाच्या रेड-५ वर, फाईलींनी नव्वद टक्के भरलेला असताना, एका लूप डिव्हाइसवर थेट ‘डीडी’ने ४ केबी कचरा लिहिला. वाचनात चूक नाही, लॉग कोरा, ‘एमडीस्टॅट’ निर्धास्त. वाचताना एमडी पॅरिटी जुळवून पाहत नाही, डिस्कने जे दिलं ते पुढे करतं. शा-२५६ यादीत मात्र एक फाईल जुळली नाही. ‘सिंक-अ‍ॅक्शन’मध्ये ‘चेक’ लिहून पूर्ण तपासणी केल्यावर ‘मिसमॅच’चा आकडा ८ आला, कारण तो ५१२ बाइटच्या सेक्टरांत मोजला जातो.

आता हात आपोआप ‘रिपेअर’कडे जातो, आणि तिथेच घात होतो. ‘रिपेअर’ कोण खोटं बोलतंय हे ठरवत नाही, डेटा खरा मानून पॅरिटी नव्याने लिहितं. कचरा डेटाच्या जागी असेल तर तो कायमचा होतो आणि परत येण्याची वाट बुजते. रेड-६ मध्येही एमडीचं ‘रिपेअर’ असंच वागतं. बरोबर वाट अशी: खोटी डिस्क कोणती हे माहीत असेल तर तिला ‘फेल’ करून काढायचं, सुपरब्लॉक पुसायचा आणि नवी म्हणून ‘अ‍ॅड’ करायची. सुपरब्लॉक न पुसता ‘री-अ‍ॅड’ केलं तर बिटमॅपच्या मते तो भाग बदललेलाच नसतो, त्यामुळे कचरा जसाच्या तसा राहतो. या क्रमाने केल्यावर बिघडलेली फाईल पूर्ण परत आली. डिस्कच्या खाली ‘डीएम-इंटिग्रिटी’चा थर देऊन असा कचरा वाचनाच्या चुकीत बदलता येतो, मग एमडी तो स्वतःच दुरुस्त करतं, पण त्याच्या जर्नलमुळे लिखाण दुप्पट होतं. या सर्व्हरवर तो घेतला नाही. दर आठवड्याच्या बॅकअपबरोबर बेरजांची यादी पडताळायची एवढं ठरवलं.

वीज, बूट आणि ईमेल

एक डिस्क कमी असताना, लिखाण चालू असताना, यंत्राची वीज तोडली. अ‍ॅरे परत उठला नाही. अस्वच्छ बंद झालेला आणि डिस्क कमी असलेला अ‍ॅरे एमडी आपणहून सुरू करत नाही, कारण अर्ध्यावर राहिलेल्या पट्टीतली पॅरिटी खरी की डेटा खरा हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. ‘असेंबल’ला ‘फोर्स’ देऊन तो उभा करायचा आणि माउंट करण्याआधी ‘एफएससीके’ (फाईलप्रणालीची तपासणी) चालवायचं. इथे घाबरून ‘क्रिएट’ देणारे लोक आहेत. डिस्कचा क्रम किंवा डेटा ऑफसेट जरा चुकला तरी ‘क्रिएट’ने अ‍ॅरे उभा राहतो आणि आत काहीच ओळखीचं सापडत नाही. आधी ‘एक्झामिन’ने प्रत्येक सदस्याचा ‘इव्हेंट्स’ (अ‍ॅरेत झालेल्या बदलांची मोजणी) आकडा कागदावर उतरवायचा. आकडे जवळपास असतील तर ‘फोर्स’ पुरतो. जिथे वीज दिवसातून दोनदा जाते तिथे यूपीएस आणि त्याच्या निरोपावर यंत्र नीट बंद करणारी व्यवस्था हा रेडचाच भाग धरावा.

एक डिस्क काढून बूट केल्यावर अ‍ॅरे ३० सेकंद उशिराने आला. सिस्टिमडीचा टायमर हरवलेल्या सदस्याची तेवढी वाट बघतो. ‘एफस्टॅब’मध्ये ‘नोफेल’ नसेल तर अ‍ॅरे न आल्यास यंत्र आणीबाणीच्या कन्सोलवर अडकतं आणि दुरून हात लावता येत नाही. रीबूटनंतर अ‍ॅरेचं नाव एमडी० ऐवजी एमडी१२७ झालं तर समजायचं की ‘स्कॅन’ची ओळ ‘एमडीअ‍ॅडम’च्या कॉन्फिग फाईलमध्ये घालून ‘इनिटरामएफएस’ (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाईलप्रणाली) ताजं करायचं राहिलं.

आणि ईमेल. डिस्क गेल्यावर एमडी निरोप ‘रूट’ला पाठवतं, आणि यंत्रावर मेल बाहेर नेणारं काही नसेल तर तो तिथेच पडून राहतो. दुसरी डिस्क गेली की मग लोकांना पहिली कधी गेली ते कळतं. कॉन्फिगमध्ये खरा पत्ता दिला, मेल बाहेर पाठवायला ‘एमएसएमटीपी’ बसवलं आणि ‘मॉनिटर’ला ‘टेस्ट’ व ‘वनशॉट’ देऊन पाहिलं. पहिला निरोप स्पॅममध्ये गेला होता. पत्ता विश्वासातला करून पुन्हा पाठवला, तो इनबॉक्समध्ये आला तेव्हाच ही ओळ पूर्ण धरली.

डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण ‘चेक’ लावतं. न उघडलेल्या फाईलींखाली पडून राहिलेले खराब सेक्टर डिस्क धडधाकट असताना सापडतात ते यातच, म्हणून शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करून जाण्याची कार्यालयाची सवय या एका रविवारपुरती मोडायला सांगितली. कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: चार खाने, चार सिरियल नंबर, ‘एससीटीईआरसी’ची नोंद, एक डिस्क गेली तर द्यायच्या कमांड क्रमाने, आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत, ‘क्रिएट’ द्यायचं नाही.